भाकरी-आमटी केली म्हणजे जेवण पौष्टिक झालं का?

कुपवाडकर

सांगली-मिरजेकडे घरच्या जेवणाचा विषय निघाला की उत्तर तयारच असतं. शाळूची म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, आमटी, एखादी भाजी आणि खर्डा. ह्याहून साधं आणि पौष्टिक जगात काही नाही, विषय संपला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर ज्वारीला फक्त देवघरात बसवायचं बाकी राहिलंय. मी स्वतः रोज भाकरी खातो, मला आवडते. पण ताटात काय किती आहे हे न बघता त्याला पौष्टिक म्हणायला माझा साफ विरोध आहे.

एकदा आमटीच्या पातेल्यात पळी घालून तळ ढवळून बघा. चार माणसांच्या आमटीत तूरडाळ एक मूठ, फार तर ५० ग्रॅम. बाकी चिंच, गूळ, चटणी आणि पाणी. पाहुणा आला की आणखी एक तांब्या पाणी. ५० ग्रॅम डाळीत प्रथिनं अकरा-बारा ग्रॅम, म्हणजे माणशी तीन. एका अंड्यात सहा असतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्यात. आपण धान्याचा आकडा आरामात ओलांडतो. डाळीला हात आखडतो आणि भाजी 'तोंडी लावायला' घेतो. माझं म्हणणं एवढंच की भाकरी एक कमी करा, डाळ दुप्पट करा आणि भाजी पोटभर खा. ओट्स नको, क्विनोआ नको, काही विकत आणायला नको. आता घाला शिव्या.

हरिपूरकाकू

शिव्या कशाला घालू, हिशेबच घालते. तुम्ही अर्धाच मांडलाय.

दिवसाला चार भाकऱ्या धरा, एकीला ७० ग्रॅम पीठ. ज्वारीत शंभराला दहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम तिथेच झाली. दोन्ही वेळची तुमची ती पाणीदार आमटी धरली तरी सहा. शेंगदाण्याची चटणी आमच्या पानात रोज असते. कूट वांग्यात, कोशिंबिरीत, मेथीच्या भाजीत पडतंच. माणशी ३० ग्रॅम दाणे म्हणजे आणखी सात. दुपारी ताक, एक वेळ मटकीची नाहीतर मुगाची उसळ. किलोमागे ०.८३ ग्रॅम असा नियम आहे ना तुमच्या त्याच हैदराबादच्या संस्थेचा? मग साठ किलोच्या माणसाला पन्नास लागतात. झाले की! आमच्या सासूबाई ह्याच ताटावर नव्वदी पार करून गेल्या, शेवटपर्यंत काठीसुद्धा धरली नाही.

विटेकर

काकू, तुमच्या सासूबाई विहिरीचं पाणी शेंदत होत्या, जात्यावर दळत होत्या. आपण लिफ्टने वर जातो.

कुपवाडकर

काकू, तुमच्या घरच्या पानाबद्दल तक्रारच नाही. उसळ, ताक, चटणी रोज असेल तर तुम्ही जिंकलात. पण माणशी ३० ग्रॅम दाणे म्हणजे चौघांना रोज १२० ग्रॅम, महिन्याला साडेतीन किलो. किती घरांत एवढे लागतात? वांग्याच्या भाजीत दोन चमचे कूट पडतं, ते चौघांत वाटलं जातं. तुम्ही सुगरणीचं घर धरून हिशेब केलाय. मी बोलतोय ते घाईच्या घराबद्दल, जिथे मंगळवारी रात्री भाकरी, कालची आमटी आणि लोणचं असतं.

दोन_पाळ्या

मी एमआयडीसीत कामाला आहे, सकाळची पाळी सातला सुरू होते. तुम्हा दोघांचं वाचून एकच विचारते. भाकरी थापणार कोण?

चार माणसांच्या दोन्ही वेळच्या मिळून सोळा भाकऱ्या. पीठ गरम पाण्यात मळायचं, तेही एका वेळी दोन भाकऱ्यांपुरतं, कारण सगळं मळून ठेवलं तर कोरडं पडतं. तळव्याने मळून मळून चिकटी आणायची. थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग तवा बाजूला करून जाळावर. गिरणीतून पीठ आणून पंधरा दिवस झाले असतील तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. मग कडा चिरतात आणि परातीतून उचलताना भाकरीचे तुकडे हातात येतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, पीठ धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं. पाऊण तास ओट्यापाशी उभं राहायचं आणि जेवणाऱ्याने फोनवर सांगायचं, "काही नाही, साधंच केलंय."

आमच्याकडे कामाच्या दिवशी कुकर. खालच्या भांड्यात मूगडाळ आणि तूरडाळ निम्मी निम्मी, मिळून २०० ग्रॅम. त्यात चाकवताची अख्खी जुडी निवडून, नाहीतर पालक. मूठभर दाणे, दोन हिरव्या मिरच्या. वरच्या भांड्यात भात. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. डाळ आणि पाला रवीने एकत्र घोटायचा, वर दोन चमचे तेलात लसणाची करकरीत फोडणी. आमच्याकडे ह्याला गरगटं म्हणतात. डाळ माणशी ५० ग्रॅम एकाच जेवणात जाते आणि सगळं अर्ध्या तासात ताटात. काकडी, मुळा, गाजर कापायचं काम नवऱ्याचं. तेवढं तो करतो, मग त्याचं कौतुक आठवडाभर ऐकते. भाकरी रविवारी.

हरिपूरकाकू

बाई, कष्ट कबूल. पण रोज भात? चाळिशीनंतर साखर वाढली म्हणजे? भाकरीने साखर वाढत नाही, आमच्या इथे डॉक्टरसुद्धा भाकरीच खा म्हणतात.

मिरज_आहारतज्ज्ञ

हे वाक्य पेशंटकडून रोज ऐकते म्हणून मध्ये पडते. भाकरीने साखर वाढते. पीठ आहे ते. "ज्वारी आहे, चालते" म्हणून दोनच्या चार झाल्या की सगळा फायदा गेला. दुसरं, कोंडा चाळून टाकला नसेल तर गव्हाच्या पिठातही शंभराला अकरा ग्रॅमच्या आसपास फायबर असतं आणि ज्वारीत दहाच्या आसपास. म्हणजे घरच्या चक्कीची पोळी ज्वारीच्या मागे नाही. मैद्याशी तुलना करून ज्वारीला जिंकवू नका. आणि दोन पाळ्या करणाऱ्या ताईंचा भात डाळ आणि भाजीच्या निम्म्याने असेल, तर तो तीन भाकऱ्या आणि पातळ आमटीपेक्षा बरा.

काकूंच्या बेरजेत आणखी एक गोष्ट राहिली. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा एक गरजेचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यातून मिळतो. म्हणून धान्य आणि डाळ ही जोडी. अठ्ठावीस ग्रॅम नुसती ज्वारीची असतील तर कागदावर दिसतात तेवढी शरीराच्या कामी येत नाहीत. आमटी दाट हवी ती ह्यासाठी.

पण कुपवाडकर, "भाकरी एक कमी करा" हे सरसकट सांगू नका. तासगावकडे द्राक्षबागेत दिवसभर छाटणी करणाऱ्या बाईला ती चौथी भाकरी लागते. तो सल्ला खुर्चीवर बसणाऱ्यांपुरता ठेवा.

आणि खर्ड्यातल्या मिठाबद्दल कुणीच बोलत नाही. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा. खर्डा, लोणचं, पापड, वर ताकात मीठ. दुपारीच कोटा संपतो.

विटेकर

खर्ड्याला हात लावू नका मॅडम.

जतचा_शेतकरी

शहरातनं शाळूचं लई कौतुक चाललंय, बरं वाटलं. पण आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं पाणी जिथं आलं तिथं लोकांनी ऊस, द्राक्ष, डाळिंब धरलं. शाळू कोरडवाहूत ऱ्हायला. त्याचा दर आता गव्हाच्या वर गेलाय, आन् रेशनला मिळतंय गहू-तांदूळ. मंग मजुराच्या घरात रोज भाकरी हुतीया कशी? तुमी ज्याला गरिबाचं जेवण म्हणताय ते आता पैशेवाल्याचं झालंय.

आन् कुपवाडकर दादा, डाळ दुप्पट करा म्हणायला तुमचं काय जातंय? तूरडाळीचा भाव बघितलाय का? हुलगा, म्हंजी कुळीथ, घ्या की. प्रथिनाला तुरीच्या जवळपास हाय. रात्री भिजत घालायचा, सकाळी शिजवायचा. वरचं पाणी काढून त्याची आमटी करायची, खाली ऱ्हायलेल्या हुलग्याची लसूण-चटणी घालून उसळ. एका शिजवण्यात दोन जिनसा. सर्दी-पडशाला हुलगं भाजून, दळून माडगं. नव्या पोरांना हुलगा म्हणलं की बैलाचं खाणं वाटतंय.

दुसरं एक. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात पोत्यांनी पिकतंय, साऱ्या डाळींपेक्षा त्यात प्रथिनं जास्त, आन् शेतकऱ्याच्या घरात कोण खात न्हाई. सगळं बाजारात.

कुपवाडकर

दादा, हुलग्याचं शंभर टक्के मान्य. मी डाळ म्हणालो त्यात कडधान्यं आलीच. ८५ ग्रॅम तुरीचेच हवेत असं कोण म्हणतंय?

सातारा_रोड

कडधान्यांवर एवढं चाललंय आणि आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं कुणी नाव काढेना! जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे त्याला. रात्री भिजवला की सकाळी लोण्यासारखा शिजतो, आणि भाकरी-भात कशाबरोबरही चालतो. हुलगा बैलांना ठेवा.

मिरज_आहारतज्ज्ञ

घेवडा खाच. फक्त भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळा, पूर्ण मऊ होईपर्यंत. अर्धकच्चा घेवडा पोट चांगलंच बिघडवतो.

जिम_विटा

एवढी मारामारी कशासाठी? सकाळी एक स्कूप पावडर, वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, विषय मिटला. मग भाकरी खा नाहीतर भात खा.

दोन_पाळ्या

डब्याची किंमत सांगा. मग त्यात आमच्या घरातल्या चौघांना किती महिने डाळ आणि अंडी येतात ते मी सांगते. तुम्ही एकटे पिणार, घरातल्यांनी काय करायचं?

जिम_विटा

ताई, मी माझ्यापुरतं बोललो.

दोन_पाळ्या

तेच तर म्हणतेय.

हरिपूरकाकू

मॅडमचं साखरेचं वाचलं. तरी माझा मुद्दा तिथंच आहे. जेवण ग्रॅमवर मोजायला लागलात की पोरं जेवायला बसत नाहीत. ऋतूप्रमाणे भाजी आणा, ती कशी करायची ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पावसाळ्यात हादग्याची फुलं, थंडीत चाकवत आणि कृष्णाकाठची वांगी, उन्हाळ्यात आंबील. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालतात, ते काय कुठल्या संस्थेने शिकवलं? आपल्या स्वयंपाकात डाळ सगळीकडे आहे, तुम्ही फक्त आमटीत शोधताय. खरी अडचण अशी की हे पदार्थ करणं बंद झालं आणि ताटात भाकरी तेवढी उरली. त्याला भाकरीचा काय दोष?

कुपवाडकर

"ताटात भाकरी तेवढी उरली" हेच मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय काकू! फरक एवढाच की तुम्ही जुने पदार्थ परत आणा म्हणता. मी म्हणतो ते येईपर्यंत निदान डाळ तरी वाटीने मोजून घाला. अंबाडी निवडायला, धुवायला, उकळून पिळायला वेळ लागतो. आजच्या रात्रीचं काय?

हरिपूरकाकू

आजच्या रात्री पिठलं करा. बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच ना? फक्त पळीवाढं नको, चांगलं घट्ट करा. तुमची डाळ मोजली गेली, माझी भाकरी राहिली.

विश्रामबाग_रूम

मी तिघांच्या रूमवर राहतो, कॉलेजला आहे. मेस परवडत नाही आणि रात्री बऱ्याचदा भडंग खाऊन झोपतो. इंडक्शन आहे, तीन लिटरचा कुकर आहे. भाकरीचा प्रश्नच नाही. वरचं गरगटं मला जमेल का? चाकवत ओळखू येत नाही, पालक येतो.

जतचा_शेतकरी

भावा, भडंगात निदान कच्चा कांदा आन् मूठभर जास्तीचं दाणं तरी टाकत जा. नुसत्या चिरमुऱ्यानं काय हुतंय.

कुपवाडकर

आणि अंडी उकडून ठेव. चहाच्या एका कपापेक्षा स्वस्त पडतं एक अंडं.

दोन_पाळ्या

जमेल की. तिघांना दीड वाटी डाळ, चार वाट्या पाणी. इंडक्शनवर कुकरला पाणी कमी पडलं तर खाली लागतं, म्हणून हात सढळ ठेव. पालक मुळासकट असतो, तीन पाण्यांत धू, माती तळाला बसते. भाताचं भांडं आत मावत नसेल तर पोळ्या विकत आण, पोळी-भाजी केंद्रात सुट्या मिळतात. फोडणी कुकरमध्येच आधी करून त्यावर डाळ टाकलीस तरी चालेल. चवीत थोडा फरक पडतो, पण एक भांडं कमी घासावं लागतं. तिघं आहात, तर भांडी कोण घासणार ते डाळ भिजवायच्या आधी ठरवा.