आठवीपासून ओढणी सक्तीची, आणि त्यावर म्हणे शाळेचं अभिनंदन

मधली सुट्टी

सडेतोड यांची परवाची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: त्यांच्या तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेने जूनपासून आठवी ते दहावीच्या मुलींचा स्कर्ट बंद करून पंजाबी ड्रेस आणला. वर ओढणी सक्तीची, तीही दोन्ही खांद्यांना पिना लावून. सडेतोड लिहितात, 'उशिरा सुचलेलं शहाणपण. वयात आलेल्या मुलींनी गुडघे दाखवत सायकल हाणायची ही कुठली संस्कृती? आता मुलांचंही लक्ष अभ्यासात राहील.' खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

तिथेच उत्तर देणार होते, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

पंजाबी ड्रेसशी माझं भांडण नाही. पाळीच्या दिवसांत फिक्या स्कर्टपेक्षा गडद सलवार कितीतरी बरी, हे कुठलीही मुलगी सांगेल. माझं भांडण ओढणीशी आणि त्या शेवटच्या वाक्याशी आहे. चौदा वर्षांच्या मुलाचं चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने पिना टोचून घ्यायच्या. मुलाने काय करायचं? काही नाही. त्याची हाफ पँट फुल झाली की त्याच्या गणवेशाचा विषय संपला.

माझी भाची अशाच एका शाळेत सायकलने जाते. पहिल्याच आठवड्यात ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं, काळं ग्रीस लागलं ते लागलंच. आता ती ओढणी दप्तरात कोंबून निघते आणि फाटकाच्या अलीकडे झेरॉक्सच्या दुकानामागे उभी राहून पिना लावते. ड्रेसच्या खांद्यावर भोकं पडलीत. पीटीच्या तासाला 'सर, ओढणी काढून ठेवू का?' विचारलं तर सर म्हणाले, कमरेला बांधा. कमरेला ओढणी बांधून खो-खो खेळून बघा एकदा. बसलेली मुलगी खो मिळून उठते तेव्हा टोक तिच्याच टाचेखाली येतं. तोंडावर आपटलेल्या मुलीला वर ऐकायला मिळतं, 'नीट बांधायची ना.'

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी तो जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे. तेव्हा 'महाराष्ट्राच्या लेकी' म्हणून स्टेटस ठेवणारे बरेच जण त्या हात जोडणाऱ्यांच्या रांगेत दिसले. त्या ओढणी घेऊन धावत होत्या का हो?

सडेतोड

माझं एक वाक्य उचलून दोन पानं लिहिल्याबद्दल आभार. बाकीची पोस्ट सोयीस्कर गाळलीत. त्यात हेही होतं की ही मागणी पालक सभेत आयांनीच केली. आयांनी, बापांनी नव्हे.

ग्रीसचं म्हणाल तर चेनकव्हर नावाची वस्तू बाजारात मिळते.

आणि माझ्या मुलीची गोष्टही ऐका. एसटी स्टँडवर रोज तीच चार टाळकी. ती घरी काही बोलली नाही, नुसती शाळेत जायला नको म्हणायला लागली. शेवटी थोरल्या बहिणीकडून कळलं. मी काय करायचं होतं? स्टँडवर पहारा? पहिल्या दिवशी तेही केलं. दुसऱ्या दिवशी हिने आपणहून अंगभर कपडे मागितले. तुम्हाला शहरात बसून हे 'नजरेचं राजकारण' वाटतं. बापाला झोप लागत नाही.

लिंबूटिंबू

मुलीला त्रास झाला हे वाईटच, त्यावर वाद नाही. पण अंगभर कपड्यांनंतर ती टाळकी गेली का?

आणि कपड्यांनीच सगळं ठरत असेल तर ऑगस्ट २०२४च्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराबद्दल काय म्हणणार? त्या मुली बालवर्गातल्या होत्या. त्यांनी काय घालायला हवं होतं? मुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश २०२२चा आहे. सडेतोडसाहेब, अभिनंदन करायच्या आधी त्या शाळेत ती समिती आहे का एवढं विचारून या.

सडेतोड

बदलापूरला इथे आणायचं काही कारण नव्हतं. प्रत्येक बापाला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करायची ही जी पद्धत पडली आहे ना, तिचा वीट आला आहे. टाळकी गेली नाहीत. आम्ही एसटी बदलली. झालं समाधान?

पाचवा तास

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, मराठवाड्यात. दोघांचंही पटलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा. पुढे हायस्कूल पाच किलोमीटरवर. आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलगी आजीजवळ. आजीला एकच काळजी, पोरीचं नाव कुणी घेऊ नये. सातवी झाली की स्थळं बघायला सुरुवात, आणि शाळा बंद करायला निमित्त हवंच असतं. 'त्या स्कर्टवर रस्त्यानं जायची का आता घोडी' हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलं आहे! हायस्कूलने सलवार आणली आणि ते निमित्त गेलं. ओढणीमुळे मुली येत असतील तर मी स्वतः पिना वाटीन.

मला कारण आवडतं का? अजिबात नाही. पण मधली सुट्टी, तुमची भाची ओढणी दप्तरात कोंबून का होईना शाळेत जाते. माझ्याकडच्या काहीजणी हळदीला बसल्या.

जाता जाता: कपड्यांची अक्कल फक्त मुलींना शिकवतात असं नाही. १५ मार्च २०२४चा शासन निर्णय आठवतोय? आम्ही जीन्स, टी-शर्ट, नक्षीचं काही घालायचं नाही. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी. वर नावाआधी 'टि' लावायचा, म्हणजे टीचर. वर्गाचं छत गळतं त्याचा अर्ज कपाटात पडून आहे, पण शर्ट खोचलेला पाहिजे.

बिनहिशेबी

गळक्या छतावरून आठवलं. सगळे ओढणीवर भांडताय, पैशाचं कोण बोलणार? माझ्या मुलाच्या शाळेत (खासगी, नाव घेत नाही) गणवेश एकाच दुकानातून घ्यायचा. खिशावर शाळेचं बोधचिन्ह भरतकामाने, ते दुसरीकडे मिळत नाही. तोच शर्ट बाजारात निम्म्या किमतीत. बेल्ट वेगळा, मोजे वेगळे, बुधवारचे पांढरे बूट वेगळे. आणि दर तीन वर्षांनी चौकटीचा रंग बदलतो, म्हणजे थोरल्याचं धाकट्याला चालायला नको!

सरकारी शाळांचं तर बोलूच नका. 'एक राज्य एक गणवेश' आठवतंय ना? २०२४चा १५ ऑगस्ट उजाडला तरी कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला. मग आलं ते काय आलं! बचतगटाच्या बायकांकडून शिवून घेतलेलं. माझ्या पुतणीच्या फ्रॉकची एक बाही कोपरापर्यंत, दुसरी त्याच्याही खाली. घरी बसून मशीन फिरवणाऱ्यांना कामं दिली की हेच होणार.

सुईदोरा

बिनहिशेबी, त्या बाह्या मी शिवल्या असतील. मी बचतगटातली. आता ऐकाच.

आम्हाला कापड आलं ते कापून आलं. गठ्ठे बांधलेले, वर इयत्ता लिहिलेली. चौथी म्हणजे चौथीचं माप. आता चौथीत काडीसारखी पोरगी पण असते आणि तिच्या शेजारी दीड पोरीएवढी पण असते, हे ज्याने कापलं त्याला माहीत नव्हतं. शिवणारी बाई आधी अंगावर टेप धरते, मग कात्री. इथं कात्री आधीच चालून गेलेली. बाहीचे दोन तुकडे वेगळ्या मापाचे निघाले तर मी काय करू? मोठी कापून लहान केली तर ओरडा, तशीच लावली तर तुम्ही इथं लिहिणार. उरलेलं कापडही नाही की तुकडा जोडावा. आणि एका गणवेशाची शिलाई शंभर-एकशे दहा रुपये. शहरात नुसत्या ब्लाउजचे किती देता हो तुम्ही? दोरा माझा, बटण लावताना तुटलेली सुई माझी, लाइट बिल माझं. पैसे पण दिवाळी झाल्यावर.

घरी बसून मशीन फिरवणाऱ्या म्हणे. त्या मशीनवर माझी मुलगी नर्सिंगला गेली.

बिनहिशेबी

ताई, रोख तुमच्यावर नव्हता, योजनेवर होता.

सुईदोरा

लिहिलं आहे 'बायकांकडून'. योजना असं लिहिलेलं मला दिसलं नाही.

खडूफळा

सुईदोरा +१. आणि माहितीसाठी, डिसेंबर २०२४ला सरकारने ती योजना गुंडाळली. २०२५-२६पासून गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. पैसे मात्र तेच, समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून दोन गणवेशांचे सहाशे. तीनशेत एक गणवेश कापड-शिलाईसकट बसवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. आमच्या शाळेत मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भर घालतात आणि वर ऐकून घेतात की सरांनी पैसे खाल्ले.

बिनहिशेबी

बरं, मापं कापणाऱ्याने घाण केली हे कबूल. शिवणाऱ्यांनी नाही. आता पुढे जाऊ या? माझा दुकानाचा मुद्दा कुणी घेतलेलाच नाही.

न्यूजर्सीकर

सगळ्यांना सांगतो, गणवेश नसला की सुटका असं समजू नका. इथे मुलीच्या मिडल स्कूलमध्ये गणवेश नाही. नियम असा की हात खाली सोडले की शॉर्ट्स बोटांच्या टोकांपर्यंत यायला पाहिजेत. आमची कन्या उंच, हात लांब. तिच्या मैत्रिणीची तीच शॉर्ट्स चालते, हिला ऑफिसात बोलावून वरून घालायला ट्रॅक पँट देतात. मुलांचे हात कुणी मोजत नाही. तेव्हा तुमची पालक सभा आणि आमचं बोर्ड, फरक इंग्रजीचा.

सडेतोड

म्हणजे अमेरिकेतही मर्यादा लागतेच की! मी वेगळं काय म्हणत होतो?

न्यूजर्सीकर

नमस्कार घ्या.

स्पष्टवक्ता

मधली सुट्टी बाईंना एकच प्रश्न. ओढणीवर एवढा संताप, मग हिजाबवर मौन का? की तिथे लेखणी अडखळते?

मधली सुट्टी

हा प्रश्न कधी येतो याचीच वाट बघत होते. नाही अडखळत. चेंबूरच्या कॉलेजने हिजाब, टोपी वगैरेंवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती राहू दिली, ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती दिली. तेव्हा न्यायाधीशांनी कॉलेजलाच विचारलं की मग टिळा आणि टिकलीवर बंदी घालणार का. मला तो प्रश्न रास्त वाटला. घाल म्हणून सक्ती नको, काढ म्हणूनही नको, मुलीला विचारा. ओढणीलाही हेच लागू. झालं?

आणि उलट बाजूचंही सांगते. डिसेंबर २०२१मध्ये केरळात बालुश्शेरीच्या सरकारी शाळेने अकरावीच्या मुलींना मुलांसारखीच पँट-शर्ट दिली. मुली खूश होत्या, निदर्शनं करायला मोठी माणसं आली. सगळीकडे हेच. घालणारी एक आणि बोलणारे भलतेच.

संपादक

हिजाबवर जुना धागा आहे, तिकडे जा. इथे त्यावरचे यापुढचे प्रतिसाद उडवले जातील. स्पष्टवक्ता, तुमचा दुसरा प्रतिसाद उडवला आहे, कारण तुम्हाला ठाऊक आहे.

पाचवा तास

'मुलीला विचारा' वाचायला छान वाटतं. कुठे विचारायचं? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभाग पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. आमच्याकडे आहेतही, कागदावर. बैठकीचं रजिस्टर शिपाई घरोघर नेतो, बाया चुलीपाशी सही करतात, ठराव आधीच लिहिलेला असतो. सडेतोड म्हणतात मागणी आयांनी केली. त्या आयांना 'ओढणी हवी की स्टँडवर पोलीस हवा' असा प्रश्न कुणी केला होता का? केला असता तर त्यांनी काय मागितलं असतं, मला माहीत आहे. पण पोलीस मिळत नाही आणि ओढणी लगेच मिळते, म्हणून त्या ओढणी मागतात. मीही म्हणूनच पिना वाटते.

मधली सुट्टी

हे मला मान्य करावं लागतंय आणि करायचं नाहीये. तुमच्या गावात मी असते तर कदाचित पिनांचं पाकीट मीच आणलं असतं. पण मग अभिनंदन कसलं? नाइलाज झाला असं लिहा की.

सडेतोड

बरं. पीटीच्या दिवशी ओढणी नको, ट्रॅक पँट चालेल, एवढं मुख्याध्यापकांच्या कानावर घालतो. माझे ते वर्गमित्र आहेत. त्या खो-खोच्या मुली जिंकल्या तेव्हा स्टेटस मीही ठेवलं होतं, हे शोधून काढायची तसदी घेऊ नका. बाकी 'मुलांचं लक्ष' हे वाक्य मागे घेत नाही. शाळेत शिस्त लागतेच.

लिंबूटिंबू

मग मुलांच्या शिस्तीचा एक तरी नियम सांगा. एकच. केस बारीक कापण्याशिवाय.

सुईदोरा

मला शिवणारीला एकच कळतं. पंजाबी ड्रेस देताय तर द्या, पण खिसा द्या. मुलांच्या शर्टाला खिसा, पँटला खिसे. मुलीच्या सलवारीला नाही, कुर्त्याला नाही. ती पॅड कुठे ठेवणार? मुठीत लपवून वर्गातून बाहेर जाते. मी गल्लीतल्या मुलींच्या कुर्त्याला आतून बाजूच्या शिवणीत खिसा लावून देते, बाहेरून दिसत पण नाही. एका शाळेने तो उसवायला लावला, म्हणे गणवेशात बदल केला.

सडेतोड

खिसा दिला की त्यात मोबाइल येणार. हे पुढचं मला आत्ताच दिसतंय.

सुईदोरा

मुलांच्या खिशातून काय काय निघतं ते कपडे धुणाऱ्या आईला विचारा. मी दोन मुलं वाढवलीत. गायछापच्या पुड्या निघाल्या म्हणून त्यांचे खिसे कुणी शिवून टाकले नाहीत.