चार वर्षांच्या मुलाचा हट्ट न मारता कसा हाताळावा?

प्रश्न (जुळे सोलापूर):
माझा मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी सात महिन्यांची आहे. मुलगा जेवताना मोबाईल मागतो, तो काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतो आणि हाताला लागेल ते भिरकावतो. शिवाय बहिणीला चिमटे काढतो. जानेवारीत गड्ड्यावर (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत) खेळण्यांच्या दुकानापुढे त्याने असाच आकांत केला, तेव्हा सासूबाईंनी अखेर त्याला मोटार घेऊन दिली. पती अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात पाळीने काम करतात, त्यामुळे दिवसभर मीच त्याच्यासोबत असते. ‘एक धपाटा घातला की मूल सरळ होते’ असे घरी सांगतात. मी एकदा धपाटा घातला आणि त्याच संध्याकाळी त्याने माझेच शब्द उच्चारत बहिणीला मारले. तेव्हापासून माझा हात उठत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

उत्तर १ (साखर पेठ, निवृत्त बालवाडी शिक्षिका):
ताई, आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांसारख्या संयमाची अपेक्षा ठेवता येत नाही. गड्ड्यावर मात्र तो एक गोष्ट शिकला, ती म्हणजे पुरेसे रडले की वस्तू मिळते. त्यात सासूबाईंचा दोष नाही. चारचौघांत आपण सगळेच असे नमतो.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की बाळ आल्यापासून तो शांत खेळत असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नसेल आणि वस्तू फेकली की सारे घर धावून येत असेल. हे उलटे करावे. बाळ झोपले की रोज दहा-पंधरा मिनिटे फक्त त्याच्याशी, त्याच्याच आवडीचा खेळ खेळावा. कौतुकही नेमके असावे. नुसते ‘शहाणा आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘बाळाचा खुळखुळा तू उचलून दिलास’ असे म्हटले, म्हणजे पुन्हा काय करायचे ते त्याला कळते. चिमटा काढला तर लगेच हात धरून ‘दुखतं, चिमटा काढायचा नाही’ एवढेच सांगावे, आधी बाळाला जवळ घ्यावे आणि तो निवला की हळुवार हात कसा फिरवायचा ते दाखवावे. लोळण घेतलेल्या मुलाला उपदेश ऐकू येत नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि शांतपणे जवळ बसावे.

उत्तर २ (विजापूर रस्ता):
वरील सल्ला योग्य आहे, पण त्यात एक भर घालतो. आम्ही जेवणातला मोबाईल बंद केला तेव्हा पहिले तीन दिवस मुलीचे रडणे कमी होण्याऐवजी वाढले आणि चौथ्या दिवशी आजोबांनी न राहवून फोन दिला. पुढच्या खेपेला ती दुप्पट वेळ रडली, कारण एवढे रडले की फोन मिळतो हे तिला ठाऊक झाले होते. म्हणून आधी घरातील मोठ्यांनी, मुलगा झोपल्यावर, एकत्र बसून एकच नियम ठरवावा. सासूबाईंना मुलासमोर चुकीचे ठरवू नये. जेवताना गोष्ट सांगण्याचे काम त्यांच्याकडे दिले तर मोबाईलची जागा रिकामी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात पडद्यापुढे बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा.

उत्तर ३ (अशोक चौक):
त्याची झोप पुरेशी होते का? या वयात दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, अशा वेळी भुकेले आणि उकाड्याने त्रासलेले मूल कोणत्याही युक्तीने शांत होत नाही. बोलणे वयाच्या मानाने मागे असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनंतर:
बोलणे स्पष्ट आहे. पहिले पाच दिवस फार कठीण गेले, पण सासूबाई ठाम राहिल्या. आता तो सिद्धरामेश्वरांची गोष्ट ऐकत जेवतो. चिमटे मात्र या आठवड्यातही दोनदा काढले, आणि दोन्ही वेळा बाळ माझ्या मांडीवर दूध पीत होते.

उत्तर १ (साखर पेठ):
मग त्या वेळेसाठीच एक वेगळा डबा ठेवा. त्यात रंगीत खडू, बटणे शिवलेली जुनी चादर, त्याला आवडणारे काहीही असू द्या, आणि तो डबा दूध पाजतानाच, तुमच्या शेजारी बसून उघडायचा.