प्रति: विजेऐवजी प्रकाश कशासाठी?
ऐकू न येणाऱ्यांच्या अंतर्कर्णात बसवले जाणारे कॉक्लिअर इम्प्लांट हे उपकरण श्रवणाच्या चेतातंतूंना विजेने उद्दीपित करते; विजेवर काम भागत असताना त्याऐवजी प्रकाश वापरण्याचा खटाटोप कशाला, या प्रश्नावर माझ्या भाचीचे उदाहरण देतो. कॉक्लिअर इम्प्लांटमुळे तिला घरातले बोलणे नीट समजते, पण नाशिकच्या मेन रोडवरील गर्दीत ती गोंधळते. कारण अंतर्कर्णातील द्रवात वीज पसरते, एका इलेक्ट्रोडमुळे शेजारचे चेतातंतूही उद्दीपित होतात आणि १२ ते २२ इलेक्ट्रोड असूनही स्वर एकमेकांत मिसळतात. प्रकाश त्यामानाने नेमक्या जागी टाकता येतो. मात्र त्यासाठी हिरव्या शैवालातील चॅनलऱ्होडॉप्सिन या, प्रकाश पडताच पेशीला उद्दीपित करणाऱ्या प्रथिनाचे जनुक विषाणूमार्फत चेतापेशींत पोचवावे लागते, आणि खरी अवघड पायरी माझ्या मते हीच आहे. डोळ्याच्या बाबतीत ती ओलांडली गेली आहे: अशाच प्रथिनामुळे आणि खास चष्म्याच्या साहाय्याने एका दृष्टिहीन रुग्णाला टेबलावरील वस्तू शोधता व मोजता आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.