मदत हवी आहे: १९८२ नंतर तिने काय केलं?

सायली_म: शनिवारी जर्मनच्या वर्गात दहा मिनिटं बोलायचंय, 'मारिया ब्राउन' सिनेमातल्या नटीवर. तिचा दिग्दर्शक फासबिंडर, त्याच्यापर्यंतचं तयार आहे. १९८२ ला तो गेला आणि माझं लिखाणही तिथेच अडलंय. एकदम २०२३ च्या 'पुअर थिंग्ज'मधली जहाजावरची म्हातारीच दिसते. मधल्या चाळीस वर्षांचं काय? प्लीज लवकर सांगा.

पारिजातक: बाईंचं नाव काय? मार्लेन डीट्रिख असेल तर मी भरपूर सांगू शकेन. ती १९३० मध्येच अमेरिकेला गेली आणि...

सायली_म: नाही हो, हाना शिगुला! मारिया ब्राउन म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

दुपारचा_चहा: बोलायचं जर्मनमधून की मराठीतून? पातळी कुठली?

सायली_म: जर्मनमधून. बी-वन, म्हणजे मधली पातळी.

रीळवाला: १९८२ नंतर रिकामं कुठे आहे? १९८३ ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, तेही मार्को फेरेरी या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी. १९८६ ला 'डेल्टा फोर्स'मध्ये हवाईसुंदरी, त्याच वर्षी अमेरिकन टीव्हीवर 'पीटर द ग्रेट' मालिकेत कॅथरीन. नव्वदच्या दशकात रंगमंचावर गाणी. २००० ला हंगेरीचा दिग्दर्शक बेला तार याच्या सिनेमात. २०१० ला बर्लिन चित्रपट महोत्सवाचं मानद सुवर्ण अस्वल पारितोषिक.

जुना_प्रेक्षक: हे सगळं ठीक, पण तिला घडवलं फासबिंडरनेच. 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्स' बघ, टीव्हीसाठी केलेले चौदा भाग, पंधरा तास. आज बसलीस तर शनिवारच्या आत होईल.

रीळवाला: घडवलं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. फासबिंडरच्या 'एफी ब्रीस्ट'नंतर दोघांचं फाटलं, तिने मधे दिग्दर्शक वेंडर्सबरोबर काम केलं. 'मारिया ब्राउन'साठी परतली आणि १९७९ ला बर्लिनचं रौप्य अस्वल मिळवलं. शेवट आठवा. गॅसच्या शेगडीवर सिगारेट पेटवते, ज्योत विझते, गॅस चालूच. रेडिओवर १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं समालोचन. त्या शेवटात ती जितकी शांत दिसते, ते दिग्दर्शकाने सांगून येत नाही.

मैदानी: त्या सामन्यात हंगेरी आठव्या मिनिटाला २-० ने पुढे होती! गटात तर त्यांनी जर्मनीला ८-३ असं धुतलं होतं. तरी जर्मनी ३-२ ने जिंकली.

जुना_प्रेक्षक: सामना राहू दे. पंधरा तास काढ, नंतर म्हणशील.

इस्लिंगेनहून: सायली, यादी वाचून दाखवू नकोस, दहा मिनिटं त्यातच जातील. दिग्दर्शक फातिह आकिनचा २००७ चा 'एज ऑफ हेवन' घे. मुलगी इस्तंबूलमध्ये मारली जाते, आई, म्हणजे हाना, तिथे येते. हॉटेलच्या खोलीत एकटी. कॅमेरा वरून बघतो, हलत नाही, आणि ही बाई त्या खोलीत कोसळते. नंतर मुलगी जिथे राहायची तीच खोली मागून घेते. तरुणपणी तिचा चेहरा फार जवळून दाखवत, इथे ती एवढीशी दिसते आणि तरी बघवत नाही. आणखी एक: फासबिंडरच्या 'पेट्रा फॉन कांट'मध्ये १९७२ ला ती तरुण कारिन होती. फ्रेंच दिग्दर्शक ओझोंने २०२२ ला तोच सिनेमा नव्याने केला, त्यात ती आई आहे. पन्नास वर्षं!

सायली_म: हॉटेलच्या खोलीपासूनच सुरू करते. खूप आभार. 'मुलीसाठी शोक करणे' म्हणजे 'ट्राउर्न' ना? त्याच्यापुढे काय लावतात, 'फ्यूर'?

इस्लिंगेनहून: 'उम'. पुढे द्वितीया: उम ईरे टोख्टर.

पारिजातक: डीट्रिखवरही कधीतरी नक्की बोल.