मदत हवी आहे: पहिलं महायुद्ध, टेरिटोरियल फोर्स आणि १९ वर्षांची अट

ब्रिटनची टेरिटोरियल फोर्स (अर्धवेळ स्वयंसेवक सैनिकांचं दल) १९०८ मध्ये उभी राहिली ती मायदेशाच्या रक्षणासाठी. त्यात १७ व्या वर्षी भरती होता यायचं, पण परदेशी आघाडीवर जायला १९ पूर्ण हवीत. कागदावर तरी! वय वाढवून सांगणारी पोरं कमी नव्हती. १९१८ च्या वसंतात जर्मन हल्ल्यानंतर ही मर्यादा साडेअठरावर आली.

माझा प्रश्न असा, की १९१४-१५ मध्ये एखादी टेरिटोरियल बटालियन फ्रान्सला निघाली की तिच्यातल्या १७-१८ वर्षांच्या मुलांचं काय करत? दुसऱ्या तुकडीत मागे ठेवत का? आणि घरच्यांनी जन्मदाखला दाखवला तर आघाडीवरून परत पाठवत? कुणी याबद्दल नीट वाचलं असेल तर जरूर सांगा.