टॉवेलवर लिपस्टिक: कला की नासाडी?

चाटीगल्लीकर: गावातल्या एका प्रदर्शनात पांढऱ्या टेरी टॉवेलवर लिपस्टिक ओतून ओठ काढलेत. खाली पाटी, 'सौंदर्याचा बाजार'. लिपस्टिक नको तर घेऊ नका की! विकत घ्यायची, फासायची आणि वर बाजारालाच शिव्या? मालाची नुसती नासाडी.

नवीपेठवाली: अमेरिकेतल्या जॅनीन अँटोनी या कलाकार बाईनं १९९२ मध्ये ६००-६०० पौंडांचे दोन ठोकळे दातांनी कुरतडले, एक चॉकलेटचा, एक डुकराच्या चरबीचा. चावलेल्या चरबीत मेण आणि रंग घालून लिपस्टिका केल्या, शोकेसमध्ये मांडल्या. बाईनं किती खायचं आणि कसं दिसायचं, दोन्ही त्या एका चरबीत आलं. लिपस्टिकवर बोलायला लिपस्टिकच लागते, गेरू नाही.

चाटीगल्लीकर: अमेरिकेचं इथं नका सांगू ओ ताई. तिथल्याच बार्बरा क्रूगर या कलाकार बाईचं १९८७ चं 'मी खरेदी करते, म्हणून मी आहे' हे चित्र पुढं कॅरीबॅगवरच छापलं. बाजारानं टीकाही खपवली. बोला आता!

नवीपेठवाली: क्रूगर बायकांच्या मासिकाची पानं लावायचं काम करून आलेली, जाहिरातीची नस तिला ठाऊक. पिशवीवर गेलं म्हणजे नेमक्या जागी पोचलं. आणि 'नको तर घेऊ नका' म्हणे! १९७५ पासून फेअर अँड लव्हलीची ट्यूब खपतेय, नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' यायला २०२० उजाडलं. स्थळं रंग बघून परत जायची, तेव्हा कुठं होतात?

खळवाला: भांडा निवांत. पण त्या ओठांभोवती तेलाचं कडं पडलंय, ते बघितलं का कुणी? लिपस्टिकमध्ये निम्म्याहून जास्त तेल, बरेचदा एरंडेल. टॉवेल खळ धुऊन काढलेला, पाणी टिपायलाच केलेला. तो तेल पिणारच. त्यात मे महिन्यात पत्र्याखाली लिपस्टिकला घाम सुटतो, बोट लागलं की रंग पसरला. मागून घट्ट खळीचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळवून. लिपस्टिकमध्ये कार्नोबा, म्हणजे एका ताडाच्या पानांचं मेण, वाढवा, ते ८० अंशांपुढं वितळतं. मधमाश्यांचं ६२-६४ लाच. पण कार्नोबा जास्त झालं की ठिसूळ, तडे जातात.

नवीपेठवाली: खळीनं टॉवेलचा पुठ्ठा होईल. मग टॉवेल घेतलाच कशाला? पसरू दे डाग. तोंड पुसलेला टॉवेल तसाच दिसतो.

खळवाला: मग ठरवून पाडा. कोपऱ्यात एरंडेल लावा, रात्रभरात कुठवर पसरतं बघा, तेवढी जागा सोडून ओता. फुटलेल्या नळाला कारंजं म्हणू नका.

चाटीगल्लीकर: वा! म्हणजे लिपस्टिक आता घरीच ओतायची. एवढं पटलं, बाजाराचं एक गिऱ्हाईक तरी तुटलं.

नवीपेठवाली: आणि कार्नोबा काय गड्ड्याच्या जत्रेत फुकट वाटतात?