मदत हवी आहे: रहस्यकथेत खुनाची वेळ जुळत नाहीये

चार श्रीमंत जोडपी, एक बंगला, रात्री साडेअकराला यजमानाचा खून. सातही जण खोटं बोलतात: कुणाचं लफडं, कुणाचं कर्ज, बायकोला गुपचूप बदललेल्या मृत्युपत्राचा सुगावा. खुनी एकच.

घोळ एसीचा आहे. खुनी तो १६ वर ठेवतो. थंडीत प्रेताला ताठरपणा उशिरा येतो, म्हणून मृत्यू अलीकडचा वाटतो. पण अंग लवकर गार पडतं, म्हणून तोच जुना वाटतो. दोन्ही खुणा विरुद्ध दिशांना ओढतात! सकाळी सातला डॉक्टर हे पकडणारच.

मग ही विसंगतीच धागा करू का? आणि लफडं त्याआधी फोडावं की नंतर? आधी फोडलं तर वाचक बायकोवरच अडकतो.